दोहा मुक्कामी हरणाची गोळी मुक्रर जाहली, ती हकीकत

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक बंदूक मनात आणा. ती मागून उघडत नाही. तिच्या तोंडातून आधी दारू ओतावी, मग गोळी घालावी, मग लांब गजाने ती तळापर्यंत ठासावी, तेव्हा कुठे एक बार निघतो. दुसरा हवा तर सारे पुन्हा पहिल्यापासून, आणि हरीण तोवर थांबत नाही. हिला ठासणीची बंदूक म्हणतात. ती मनात धरून पुढील मजकूर ध्यानी घ्यावा.

शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरी, आश्विन मासी, कतर मुलखी दोहा शहरी फुटबॉलच्या महायुद्धाची तयारी चालली होती. समुद्रकिनारी उरलेले दिवस मोजणारे घड्याळ उभे राहिले होते, आणि काल उघडा असलेला रस्ता आज बंद सापडत होता, आणि फर्मान सुटले होते की स्पर्धेच्या महिन्यात शाळांस सुट्टी. मग अवघी दुनिया शहरात शिरणार त्याच सुमारास मदिनत खलीफा पेठेतील राजमान्य राजश्री देवव्रतराव पुणेकर, गॅस कंपनीचे खरेदीखाते राखणारे, यांनी शहराबाहेर कूच करण्याचा मनसुबा रचिला. त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई यांचे धाकटे बंधू कैवल्यराव अमेरिकेत मिशिगन प्रांती नांदत होते. तिकडे डिसेंबरात ठासणीच्या बंदुकीने हरीण मारण्याचा मोसम असतो, आणि कैवल्यरावांनी सहकुटुंब आमंत्रण धाडिले होते.

अशी स्वारी पूर्वी एकदा झाली होती. तीन वर्षांमागे देवव्रतरावांनी त्याच मुलखी एका हरणावर बार टाकिला, आणि गोळी मांडीस चाटून गेली, आणि हरीण पळाले. मग बर्फावरचे लाल थेंब पाहत सारे अंधार पडेतो हिंडले, पुढे थेंब संपले, हरीण मिळाले नाही. तेव्हा आठ वर्षांची असलेली त्यांची कन्या गार्गी सोबत होती. परतताना ती गाडीच्या मागच्या काचेतून जंगलाकडेच पाहत राहिली. या खेपेस तिने कळविले की बाबा पुन्हा तसेच करणार असतील तर ती जंगलात येणार नाही. देवव्रतरावांस बाकी कशाची फिकीर नव्हती. मुलीने शेजारी उभे राहावे, एवढीच त्यांची आस होती.

म्हणोन त्यांनी खलबत भरविले. दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या वारी, दुपारी जेवणे उरकल्यावर दोन मुत्सद्दी दिवाणखान्यात दाखल होत. एक विजयराव नाशिककर, तेलाच्या विहिरी खोदण्याच्या कामातले अभियंते. दुसरे एडविनसाहेब वसईकर, इस्पितळाचे दफ्तर सांभाळणारे. तिघांपैकी कोणीही जन्मात हरीण पाडिले नव्हते. देवव्रतरावांनी एक जखमी केले होते, सबब ते अनुभवी ठरले.

उमेदवार गोळ्या तीन. पहिली निव्वळ शिशाची, वाटोळी, कापडाच्या चिंधीत बसवून ठासायची. दुसरी शिशाचीच, परंतु लांबट आणि जड. तिसरी तांब्याची, टोकदार, प्लास्टिकचे झबले ल्यालेली, आणि तिच्या डबीवर धावत्या हरणाची तसबीर. मग खरेदीखात्याच्या शिरस्त्याप्रमाणे एक्सेलचा तक्ता मांडिला गेला, आणि त्यात अकरा रकाने पडले, आणि दर रकान्यास गुण ठरले, आणि पहिला शुक्रवार रकान्यांची रुंदी सारखी करण्यात खर्ची पडला. दुसऱ्या शुक्रवारी विजयरावांनी 'विक्रीपश्चात सेवा' हा रकाना घातला. एडविनसाहेबांनी पुसले, "ही सेवा हरणाने घ्यायची की आपण?" विजयराव म्हणाले, "तू चहा पी रे. फॉरमॅट फॉरमॅट असतो." तिसरा शुक्रवार वाटोळ्या गोळीची निंदा करण्यात गेला, ती फार जुनी दिसते असे ठरले, आणि जुने दिसण्याचे पाच गुण वजा झाले.

चौथ्या शुक्रवारी झबलेवाली गोळी साडेसत्त्याऐंशी गुण मिळवून अव्वल आली. देवव्रतरावांनी कागद छापून आणिला. विजयरावांनी अरबी थाटात घाई करीत हुकूम केला, "यल्ला, सही करा. खलास."

गार्गी दारात उभी होती. परमुलखी वाढलेल्या या पोरी मराठी सारे समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. ती वदली, "बाबा, बट व्हिच गन?"

मग विजयराव मायेने म्हणाले, "बंदूक आपल्या स्कोपमध्ये नाही ना, बेटा. ती मामाची."

"देन हाऊ डू यू नो इट फिट्स?"

बाळांनो, येथे थांबून हिशेब पाहा. तीन पदवीधर, चार शुक्रवार, अकरा रकाने. आणि गोळी ज्या नळीतून जायची ती नळी कोणी विचारिली नव्हती.

एडविनसाहेब हळूच म्हणाले, "लाव रे फोन."

तिकडे नुकती सकाळ झाली होती. कैवल्यराव प्रथम "तुम्ही म्हणाल तसं, दाजी" इतकेच बोलत राहिले. मग मृणालिनीबाईंनी फोन हाती घेऊन फर्माविले, "कैवल्य, जावयाचा मान लग्नात झाला. आता खरं काय ते सांग."

तेव्हा कैवल्यरावांनी खुलासा केला, तो असा. बंदूक शेजारच्या म्हाताऱ्याची, जुन्या चालीची. नळीच्या आत कोरलेले आटे असतात, ते गोळीस भोवऱ्यासारखी फिरवितात, आणि नीट फिरली तरच ती सरळ जाते. या नळीचे आटे सावकाश वळतात; वाटोळ्या गोळीस तेवढे पुरते, झबलेवालीस पुरत नाही, ती डगमगते आणि भलतीकडे जाते. "मागच्या वेळी हीच बंदूक, हीच गोळी, आणि तेच झालं, दाजी. डबी तुम्ही कौतुकाने घेऊन आला होतात. बहिणीच्या नवऱ्याला नको कसं म्हणायचं, म्हणून मी गप्प बसलो."

देवव्रतरावांनी छापील कागद उपडा ठेविला. मुलीकडे पाहण्याची त्यांची छाती झाली नाही.

मग फोनवरच तह ठरला. वाटोळी गोळी आणि दारू कैवल्यरावांची. देवव्रतरावांनी आधी तीन दिवस कागदाच्या निशाणावर बार टाकावे, त्या सरावाच्या चिंध्याही तिकडच्याच. पन्नास पावलांवर गोळ्या एका बशीत मावल्या तरच जंगलात पाऊल टाकावे. नेम नक्की नसेल तर बार न टाकता बंदूक खाली घ्यावी. देवव्रतरावांनी विनंती केली की निदान शिकारीच्या चिंध्या तरी आम्ही आणू. ती मंजूर झाली. कापड सुती आणि घट्ट विणीचे असावे, एवढी अट पडली. विजयराव तत्काळ म्हणाले, "दोन डझन धरा. वर दहा टक्के राखीव."

येणेप्रमाणे आश्विन मासी, चौथ्या शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरी, मुक्काम मदिनत खलीफा, वाटोळी गोळी मुक्रर जाहली, एक्सेलचा तक्ता रद्द जाहला, आणि तिन्ही मुत्सद्द्यांनी विजय आपल्याच मसलतीने मिळाला असे एकमेकांस सांगून दुसरा चहा घेतला. ती फत्ते येथे नोंदिली असे.

मृणालिनीबाईंनी उशीचा जुना सुती अभ्रा काढून दिला. गार्गीने तो जमिनीवर पसरिला, त्यावर बाटलीचे झाकण ठेवून पेन्सिलीने गोल काढिला आणि सावकाश कापिला. विजयराव म्हणाले, "एक झाली. तेवीस राहिल्या." गार्गीने "ओन्ली वन, बाबा. देन आय विल कम," म्हणत ती चिंधी वडिलांच्या तळहातावर ठेविली, त्यांची बोटे मिटविली, अभ्र्याची घडी घातली आणि कात्री जागेवर नेऊन ठेविली.