गोड वासाचा सायलेन्सर

सोमशेखरची गाडी खडखडायला लागली ती नेमकी खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी तिला धुतली, हार घातला, चाकांखाली लिंबं चिरडली, आणि दसऱ्याचं सोनं वाटायला निघाले तर मागे सायलेन्सरमध्ये कोणीतरी कवड्या खुळखुळवतंय असा आवाज.

"पूजा केली की देव प्रसन्न होतो," बायको हेमावती म्हणाली. "तुमची गाडी रुसती."

सोमशेखरला हे झोंबलं. गाडी त्याने लग्नाआधी घेतलेली. जुळे सोलापूरच्या त्या इमारतीत तिच्याएवढी म्हातारी गाडी दुसरी नव्हती, आणि तिच्याएवढे लाड दुसऱ्या कुणाचे होत नव्हते. त्याने लगेच आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून 'जुनं ते सोनं' या जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. या ग्रुपवर स्वतःची गाडी कुणाची धड नव्हती, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं.

"टेप मोठ्यानं लावा, आवाज जातो," पहिला सल्ला आला.

"मागनं आवाज येतोय न्हवं? मग पुढं बघून चालवा की," दुसरा.

ग्रुपचे प्रमुख गुरुबसप्पा मात्र गंभीर माणूस. त्यांनी निदान केलं, "सायलेन्सर लटकवायचे रबर गेलेत."

बिरुदेव मिस्त्रीने रबर बदलले. आवाज तसाच. मग त्याने हातोडीने सायलेन्सरला चारी बाजूंनी ठोकून पाहिलं आणि सांगितलं, "आतला पत्रा सुटलाय. पण वय झालं की सगळ्यांचंच काय ना काय सुटतं."

घरी सोमशेखरचं तोंड उतरलेलं पाहून त्याच्या आईला, दाक्षायणीअव्वाला, वाईट वाटलं. ती दसऱ्यासाठी अक्कलकोटकडच्या गावाहून आली होती आणि दिवाळीपर्यंत राहणार होती. "लई आजारी हाय व्हय रं गाडी?" तिने विचारलं. "खायाला-प्यायाला बघ जरा तिच्या."

"पेट्रोल फुल्ल आहे, अव्वा," सोमशेखर म्हणाला आणि विषय संपला, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आवाज वाढला आणि एक नवं लक्षण दिसलं. गाडी तापली की मागून गोड वास यायचा, कढईत गूळ लागल्यासारखा. सोमशेखरने ग्रुपला कळवलं.

"गोड वास म्हणजे कूलंट जळतंय," गुरुबसप्पांनी लिहिलं. "हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागणार."

खाली कुणीतरी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकाने हारासह गाडीचा फोटो टाकला.

इंजिन खोलायचं म्हटल्यावर हेमावतीने कमरेला पदर खोचला. "बास झालं. रविवारी टेंभुर्णीहून माझा भाऊ वीरभद्रप्पा येतोय. तवर गप्प झाली तर ठेवा. न्हाय तर त्याला देऊन टाका. पेंडीची पोती वाहायला त्याला जुनी गाडी पायजेच आहे."

आपली गाडी आणि पेंडीची पोती! सोमशेखरला त्या दिवशी कडक भाकरीसुद्धा गिळवेना.

रविवारी मेव्हणा वीरभद्रप्पा स्वतःच्या कोऱ्या करकरीत गाडीतून आला. चहा घेताघेता म्हणाला, "दाजी, किल्ली आत्ताच द्या. उद्या ड्रायव्हर पाठवतो."

"पुसून तरी घेतो," म्हणून सोमशेखर जड पायांनी खाली पार्किंगमध्ये आला. तर गाडीच्या मागे, ताट मांडून, अव्वा उकिडवी बसलेली. सायलेन्सरच्या नळीला हळदीकुंकू लावलेलं. एका हाताने ती शेंगापोळीचा तुकडा नळीत सारत होती आणि कौतुकाने विचारत होती, "ऊटा आतेन?" गाडीला, जेवण झालं का म्हणून.

"अव्वा, काय करतेस?"

"घास देतेय. कारहुणवीच्या सणाला बैलाची पूजा केली की त्याच्या तोंडात पोळी घालतो का न्हाय? तुमी खंडेनवमीला हार घातला न् तिला उपाशीच ठेवली. मग मीच त्या रात्री भरवली. आजारी पडल्यापास्नं तर रोज भरवतेय."

"अगं, पण हे तोंड नाही. ही मागची बाजू आहे."

"मला शिकवतो व्हय? धूर कुटनं निघतो? तुझा बाप विडी ओढायचा, तो धूर काय मागनं काढायचा?"

सोमशेखरने वाकून नळीत डोकावलं. "आणि खडखडतंय काय?"

"सुपाऱ्या. जेवण झाल्यावर सुपारी नको?"

सोमशेखर तिथेच खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग तारेचा आकडा करून त्याने पोळीचे काळेठिक्कर तुकडे ओढून काढले, गाडी सुरू केली आणि ॲक्सिलरेटर दाबला. सुपाऱ्या एकामागोमाग एक भिंतीवर जाऊन आपटल्या. त्या वेचून त्याने खिशात टाकल्या. आता इंजिनाचा आवाज इतका मऊ येत होता की त्याला गाडीचा मुकाच घ्यावासा वाटला.

हेमावती आणि वीरभद्रप्पा खाली आले. दोघांनी कान लावून ऐकलं.

"आवाज कुटं गेला, दाजी?" वीरभद्रप्पा हिरमुसला.

"ग्रुपवर सांगितलं, तसं केलं," सोमशेखर म्हणाला. आईची फजिती करायची त्याची इच्छा नव्हती.

हेमावती शब्दाची पक्की. "गप्प झाली म्हंजे राहू दे," म्हणाली. वीरभद्रप्पा जेवून रिकाम्या हाताने परत गेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज रडवेला होता. "दाजी, मोडनिंबच्या पुढं आल्यावर कळलं. नवी गाडी हो माझी. मागनं खडखड करतेय. आन् गुळासारखा वास..."

सोमशेखरने फोनवर हात ठेवून अव्वाकडे पाहिलं. ती अडकित्त्याने सुपारी कातरत बसली होती.

"पावण्याची गाडी उपाशी लावून द्यायची व्हय?" ती म्हणाली.

सोमशेखरने घसा खाकरला. त्याला पेंडीची पोती आठवली. फोन पुन्हा कानाला लावून तो फार मायेने म्हणाला, "वीरभद्रप्पा, घाबरू नका. कुणाला दाखवू पण नका. तुम्हाला आमच्या ग्रुपवर घेतो. लई जाणकार लोक आहेत."