मल्लिनाथअण्णांचा हेडफोन

मल्लिनाथअण्णा अनुमोदकाशिवाय चहासुद्धा घेत नसत. हॉटेलात बसले की टेबलावर बोट आपटायचे, "चहा घ्यावा असं मी सुचवतो. अनुमोदन कोन देतंय?" समोरच्यानं मान हलवल्याशिवाय चहा सांगायचा नाही. उमरग्याजवळच्या आमच्या गावात ते दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. सभेची रीत त्यांच्या अंगात इतकी भिनलेली की घरची म्हैस विकायची तरी ते स्वतः सूचक व्हायचे आणि मला अनुमोदक करायचे. मी शेजारी राहणारा, शाळेत गणित शिकवणारा माणूस. म्हैस कोणत्या बाजूनं मारते आणि कोणत्या बाजूनं दूध देते, एवढीच माझी त्या विषयातली गती. तरी मी हात वर करायचो, कारण नाही केला तर चर्चा लांबायची.

अशा माणसानं एका रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर येऊन ठराव मांडला, "हेडफोन घ्यायचाय गुरुजी. लई भारीतला. अन् त्याला जोडीचा अँप्लिफायर."

मी दाढी करत होतो. गावात तेव्हा दहा-बारा रेडिओ असतील. हेडफोन आम्ही पाहिला होता तो विमान चालवणाऱ्याच्या फोटोत.

"कशाला?" मी विचारलं.

"चर्चा नंतर. आधी अनुमोदन."

दिलं. सवयीनं दिलं, आणि पुढचे तीन-चार महिने माझे रविवार मातीत गेले.

सोसायटीत काहीही घ्यायचं तर तीन नमुने बघायचे असा नियम. अण्णांनी तीन हेडफोन जमवले. एक सोलापूरच्या दुकानातला परदेशी, कानावर मऊ गाद्या असलेला. दुसरा हैदराबादच्या जुन्या बाजारातला, लष्करातून मोडीत निघालेला, तो एका ट्रकवाल्यानं आणून दिला. तिसरा उमरग्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईंनी स्वतः जुळवलेला. मग अण्णांनी फुलस्केपवर तक्ता आखला. त्यात रकाने होते स्पष्टपणा, वजन आणि कानाला येणारा घाम.

घामाचा रकाना भरायचं काम माझ्याकडे होतं. उन्हाळ्यात, रशीदभाईंच्या पत्र्याच्या छपराच्या दुकानात, अर्धा अर्धा तास. कुणाला सांगूनही पटणार नाही.

पण खरा तमाशा अण्णांचा स्वतःचा. ते आधी दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबायचे, वरून उपरणं घट्ट बांधायचे आणि त्यावर हेडफोन चढवायचे. रशीदभाई कपाळाला हात लावायचे. "अण्णा, इत्ता भारी माल कान पे लगाके रुई कायकू? हौले हो गए क्या, पागल?" त्यांनी हौसेनं गाणं लावलं की अण्णा हात हलवायचे, "गानं नको. बोलनं लावा." रेडिओवर बोलणं नसलं की मला माईकसमोर बसवायचे आणि सोसायटीचा वार्षिक अहवाल वाचायला लावायचे. "गाईच्या दुधाचं फॅट" हे शब्द मी त्या दुकानात इतक्या वेळा उच्चारले की वर्गात एकदा त्रिकोणाच्या जागी तेच तोंडात आलं.

रशीदभाईंनी जुळवलेला घामाच्या रकान्यातच बाद झाला. लष्करी हेडफोनमध्ये बोलणं खणखणीत यायचं, पण तो डोक्यावर पाटा ठेवल्यासारखा जड. परदेशी हलका आणि गोड, पण रशीदभाईंच्या अँप्लिफायरवर त्याचा आवाज बसलेला. रशीदभाईंनी समजावलं, की हेडफोन आणि अँप्लिफायर एकमेकांना मानवायला लागतात. एकाची ताकद दुसऱ्याला पेलली नाही तर एक तर कुजबुज, नाही तर खरखर.

"म्हंजे कुंडली जुळवायची म्हना की," अण्णा म्हणाले.

"हौ. तुमच्या परदेशी सुनेला हा नवरा जमनार न्हाय. दुसरा बनवतो."

परतताना एसटी स्टँडवर मी एकदाचा तडकलो. म्हटलं, अण्णा, आता चर्चा. हे कशासाठी चाललंय ते सांगा, नाही तर अनुमोदन मागं घेतो.

अण्णांनी कानात राहिलेला कापसाचा बोळा काढला. मग म्हणाले, "आमच्या घरातल्यांसाठी."

अण्णांच्या बायकोला, पारूबाईंना, ऐकू येत नाही हे अख्ख्या गावाला माहीत होतं. कसं गेलं ते मला त्या दिवशी कळलं. मोठ्या दुष्काळात गावाजवळच्या तलावाचं काम निघालेलं. अण्णा मुकादम, पारूबाई खडी उचलायला. सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी मारायची, की बायका लांब पळायच्या.

"शिट्टी माझ्याकडं होती गुरुजी. म्या येकट्याच्या अंदाजानं मारली. उशिरा मारली."

नंतर सोलापूरचे डॉक्टर झाले, देवऋषी झाला, खिशात ठेवायचं ऐकण्याचं यंत्रही झालं. त्यातून पारूबाईंना नुसती गिरणीची घरघर ऐकू यायची. दर वेळी बघायला गल्ली जमायची, आणि दर वेळी गल्लीसमोर त्या मान हलवून नाही म्हणायच्या. शेवटी त्यांनी अण्णांना बजावलं होतं, की अजून एकदाच बसेन, मग पुन्हा नाव काढायचं नाही.

"येकदाच," अण्णा म्हणाले. "म्हनून चुकायला नको."

मला माझ्या घामाच्या तक्रारींची लाज वाटली. पुढच्या रविवारी कापूस मीच नेला.

रशीदभाईंनी महिनाभर खपून नवा अँप्लिफायर केला. ढोलासारखा घुमणारा आवाज त्यांनी छाटला आणि माणसाचा आवाज तेवढा वर काढला. मी दोन्ही कानांत बोळे कोंबून ऐकलं, आणि गाईच्या दुधाचं फॅट मला स्वच्छ ऐकू आलं. तक्ता पुरा झाला. ठराव तीन मतांनी मंजूर.

दुपारी, दूध संकलन आटोपल्यावर, आम्ही अण्णांच्या घरात जमलो. दार लावून घेतलं. पारूबाई पदर सारखा करून, दवाखान्यात बसावं तशा बसल्या. अण्णांनी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला, गाद्या हलक्या हातानं नीट बसवल्या. रशीदभाईंनी बटण फिरवलं. अण्णांनी माईक तोंडाशी धरला.

आणि पुन्हा खाली घेतला.

इतके महिने या माणसानं सगळं पारखलं, पण बोलायचं काय ते ठरवलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो. हे मी बोलणार नव्हतो.

अण्णांनी माईक पुन्हा तोंडाशी नेला. "म्या बोलतोय," ते म्हणाले. "जेवलीस का?"

पारूबाईंचा चेहरा तसाच. रशीदभाईंचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं.  अण्णांनी माईक आणखी जवळ धरला.

मग पारूबाईंनी दोन्ही हात हेडफोनवर दाबून धरले. खूप वर्षांत त्यांना मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. आवाज जरा चढाच लागला.

"अवं," त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज म्हातारा झाला की."

अण्णांनी मान खाली घातली. खांदे हलत होते; हसत होते की रडत होते, मला नीट दिसलं नाही, कारण माझे स्वतःचेच डोळे भरले होते. रशीदभाई दाराकडे तोंड करून उभे राहिले.

पारूबाई वाट बघत होत्या. शेवटी त्यांनी अण्णांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"थांबलात कशाला? बोला की."