पुढच्या मालकाची गाडी

आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया यशस्वीरीत्या पार पडली आणि चौथ्या दिवशी आमच्या घरात मोटार खरेदीचा विषय विचारार्थ आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, की गुडघा नवा बसवलाय, पण त्याला वाकायला शिकवावं लागेल. त्यासाठी आठवड्यातून तीनदा व्यायाम केंद्रात न्यायचं. तीन महिन्यांत जेवढा वाकेल तेवढाच जन्मभर वाकणार. केंद्र घरापासून साडेचार किलोमीटरवर होतं. बसची पायरी उंच, आणि टॅक्सी आपण घाईत असलो की हमखास मिळत नाही. तेव्हा घरातल्या सगळ्यांना पुरेल, रोज वापरता येईल आणि ऐन वेळी दगा देणार नाही अशी साधीसुधी गाडी घ्यावी, असं सर्वानुमते ठरलं.

मी एका मोठ्या कार्यालयात भांडारपाल आहे. बावीस वर्षांत माझ्या ताब्यातली एकही वस्तू खराब झालेली नाही, कारण मी ती कोणाला दिलेली नाही. माझ्या भांडारात चौदा फिरत्या खुर्च्या अजून खोक्यांत आहेत आणि लेखनिक मंडळी मोडक्या स्टुलांवर बसून माझ्या नावाने बोटं मोडतात. तपासणीला येणारे साहेब मात्र दरवर्षी 'साठा उत्तम स्थितीत' असा शेरा मारून जातात. सांगायचा मुद्दा, वस्तूची पारख आणि जपणूक या बाबतीत मला कोणी शिकवायला नको.

घरच्यांच्या सूचना मागवल्या. बायको म्हणाली, "दार रुंद हवं आणि सीट उंच हवी. आईंना वाकून बसता येणार नाही." मुलीने निळा रंग सुचवला. आई म्हणाली, "मला पाय पसरता आला की झालं." तिन्ही सूचना मी लिहून घेतल्या आणि मेहुण्याला फोन केला. त्याने दहा वर्षांत सहा गाड्या बदलल्या असल्याने तो आमच्यात गाड्यांतला जाणकार समजला जातो.

"दाजी, ते सगळं राहू द्या," तो म्हणाला. "विकताना काय, ते आधी बोला."

"अजून घ्यायचीच आहे."

"म्हणूनच सांगतोय. रुंद दाराची, उंच टपाची गाडी पुढचा मालक घेत नाही. निळी तर दारात उभीसुद्धा करत नाही."

अशा प्रकारे पुढचा मालक आमच्या घरात आला. शोरूममधल्या विक्रेत्यानेही त्याला दुजोरा दिला. पुढच्या मालकाला पांढरा रंग आवडतो. त्याला ओरखडा खपत नाही. गाडी फार चाललेली असली की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्या आवडीनिवडी अख्ख्या बाजाराला तोंडपाठ होत्या. मला तो पहिल्यापासूनच आपला माणूस वाटला.

आम्ही पांढरी, बुटकी, अरुंद दाराची गाडी घेतली.

पहिल्याच फेरीला आईचा वॉकर दाराला घासला आणि केसाएवढा ओरखडा उमटला. मी तो भिंगातून पाहिला. सीटवरचं प्लास्टिक काढायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे आई दर वळणावर घसरत पुढे येत होती आणि बायको एका हाताने तिला मागे लोटत होती. दुसऱ्या फेरीला मी वॉकरच्या चारही पायांना टॉवेल गुंडाळले. त्यामुळे वॉकर घसरला आणि आई पडता पडता वाचली. सुदैवाने पडली असती तरी गाडीवर पडली नसती, मी मध्ये उभा होतो.

तिसऱ्या फेरीआधी मी नियमावली काढली. गाडी हवी असल्यास दोन दिवस आधी कारणासह अर्ज करावा. अर्जदाराने पादत्राणे हातात घ्यावीत. पाऊस, धूळ, कडक ऊन किंवा रहदारी असल्यास अर्ज आपोआप रद्द समजावा. गाडीची किल्ली घरी राहिली तर गैरवापर होऊ शकतो, म्हणून ती माझ्या कार्यालयातल्या कपाटात अनुक्रमांक घालून ठेवली.

"अहो, मला गाडी चालवता येते," बायको म्हणाली. "तुम्ही ऑफिसात असता तेव्हाच केंद्र उघडं असतं. किल्ली तिथे ठेवली तर आईंना नेणार कोण?"

"अर्जात तसं नमूद कर," मी म्हणालो.

तिने नमूद केलं. त्या दिवशी कडक ऊन पडलं.

मग आई टॅक्सीने जाऊ लागली. टॅक्सी मिळेल त्या दिवशी ती जायची, नाही मिळाली तर घरीच भिंतीला धरून पाय मागेपुढे करायची. आठवड्याच्या तीन फेऱ्यांच्या दोन झाल्या, दोनांची एक. गाडी उभी राहून बॅटरी उतरते असं कळल्यावर मी दर शनिवारी किल्ली घरी आणून रविवारी इंजिन पंधरा मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायला लागलो. आई खुर्ची घेऊन दारात बसायची.

"चालूच केलीयेस, तर ने की मला केंद्रात," ती एकदा म्हणाली.

"रविवारी केंद्र बंद असतं, आई."

"माझ्या गुडघ्यासाठीच घेतली ना रे गाडी?"

"हो."

"मग?"

"म्हणून तर इतकी जपतोय."

आईने गाडीकडे बोट केलं. "त्या पुढच्या मालकाला आई आहे का रे?" तिने विचारलं.

"असेल की."

"मग तिचे गुडघे तरी धड असू देत."

आईचा स्वभाव पहिल्यापासूनच तिरकस आहे. तरी खरं सांगतो, मला त्या दिवशी वाईट वाटलं. मी लगेच आत जाऊन गाडीच्या कव्हरावर घालायला दुसरं, जाड कापडाचं कव्हर आणलं.

तीन महिने पूर्ण झाले. डॉक्टरांनी कोनमापक लावून आईचा गुडघा मोजला. पंचावन्न अंश. तिथे तो थांबला आणि कितीही दाबला तरी पुढे सरकेना. आईने ओठ आवळून धरले होते आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणखी पंचवीस फेऱ्या झाल्या असत्या तर नक्की वाकला असता," डॉक्टर म्हणाले. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने आईच्या पायावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

आई तिथे टॅक्सीने आली होती; परत न्यायला मी खास गाडी नेली होती, पण पंचावन्न अंशांपर्यंतच वाकणारा पाय आता आमच्या गाडीत मावत नाही, हे दवाखान्याच्या पार्किंगमध्ये लक्षात आलं. आईला टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं बसवून घरी आणावं लागलं. म्हणजे ज्या कारणासाठी गाडी घेतली ते कारणच संपुष्टात आलं. आमच्या खात्यात अशा वस्तूची विल्हेवाट लावतात. मी जाहिरात दिली: पांढरी, एकहाती, एकूण प्रवास एकसष्ट किलोमीटर, सीटवर मूळ प्लास्टिक.

आणि एका सकाळी पुढचा मालक खरोखर आला. साधा शर्ट, पायात धुळीच्या चपला, बाजूच्या शाळेत शिक्षक. मी त्याच्यासाठी दोन्ही कव्हरं स्वतःच्या हाताने काढली. माझा ऊर भरून आला होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मीटर पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"एकसष्टच?"

"एकसष्टच," मी अभिमानाने म्हणालो.

"काय बिघडलंय हिच्यात?"

"काहीच नाही. वापरलेलीच नाही."

"घेतली कशाला होती?"

मी कव्हराची घडी घालू लागलो. दारातल्या खुर्चीत, पाय सरळ समोर ठेवून, आई बसली होती. "माझ्यासाठी," ती म्हणाली.

शिक्षकाने आईच्या पायाकडे पाहिलं, मग सीटवरच्या प्लास्टिककडे. "माझ्या वडिलांना एक दिवसाआड दवाखान्यात न्यायचं असतं," तो म्हणाला. "मला विश्वासाची गाडी हवी. ही विश्वासाची कशावरून समजू? हिने कोणाला कुठे वेळेवर पोचवलंय ते एक सांगा, आत्ता घेतो."

मी बायकोकडे पाहिलं. ती आईच्या पायाखाली उशी सरकवत होती. शिक्षकाने आईला नमस्कार केला आणि तो शेजारच्या गल्लीत गेला. तिथे एक निळी, पोचे पडलेली, नव्वद हजार किलोमीटर चाललेली गाडी विकायला होती म्हणे.

मी कव्हरं परत घातली. हा मनुष्य पुढचा मालक नव्हता, एवढं स्पष्ट झालं. खरा पुढचा मालक कुठेतरी आहेच आणि तो कसा असतो हे मला नीट ठाऊक आहे. त्याच्या टीव्हीच्या रिमोटवर अजून प्लास्टिक असतं. त्याच्या कपाटात वरच्या फळीवर चांगल्या कपांचा संच असतो आणि घरचे लोक कान तुटलेल्या कपांतून चहा पितात. त्यांनी कधी विचारलंच, तर तो सांगतो, की तुमच्यासाठीच तर ठेवलेत.

तेव्हा कधीही या, गाडी तुम्हाला नक्की पसंत पडेल. फक्त येताना आईला सोबत आणू नका, सीटवर सुरकुती पडते.