लिंबाजीमामांची घागर

लिंबाजीमामांकडे चहाला गेलात, तर तुमच्या कपात आधी तांब्याची पट्टी उतरते. चहा निवेपर्यंत मामा ती बाहेर काढत नाहीत. "विषाणू हाय, दिसत न्हाई. जरा दम धरा," म्हणतात. मी दम धरतो, गार चहा पितो आणि घरी येऊन बायकोकडे पुन्हा गरम मागतो.

मामा कुरुंद्यात माझ्या शेजारी राहतात, एकटेच. मागच्या उन्हाळ्यात त्यांची लेक सुनीता नांदेडहून लेकराला घेऊन आली होती. परत गेल्यावर काही दिवसांनी नातीला कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून विषाणू गेला असेल. जावयांनी तेवढंच धरलं आणि सासुरवाडीचं पाणी वर्ज्य केलं. पोरगी बरी झाली, पण लेकीचं येणं थांबलं ते थांबलंच.

तांब्यानं विषाणू मरतो, हे मामांनी नंतर कुठंतरी ऐकलं. मग घरात तांबं शिरलं. घागर आली, पेले आले, शेळीच्या पाण्याच्या घमेल्यातसुद्धा तांब्याचा तुकडा पडला. रांजणात वारलेल्या मामींचं चांदीचं जोडवं. ते कशाला, विचारलं तर म्हणाले, "तांबं झोपलं तं चांदी जागी पाह्यजे ना."

पंचाईत माझी झाली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून गल्ली मला विचारते, "गुर्जी, मामा शहाणे का येडे?" तांबं-चांदी विषाणूंना निकामी करतात, हे खोटं नाही. पण कोणत्या विषाणूला, किती वेळात, कशाकशात, हे मला धड सांगता येत नाही. मी आधी "हो" म्हणतो, मग "तसं नाही" म्हणतो. आता गल्ली माझ्याकडेही त्याच नजरेनं बघते.

हळद शिजवायच्या दिवसांत तर कहर झाला. गड्यांसाठी केलेलं ताक मामांनी रात्रभर बिनकल्हईच्या तांब्याच्या हंड्यात ठेवलं. सकाळी कामाला आलेल्या गयाबाईनं झाकण काढून वास घेतला आणि हंडा सरळ उकिरड्यावर उपडा केला. "कळकलंय. माणसं मारता का?"

मामा माझ्याकडे आले. "पाण्याला चालते, तं ताकाला काहून न्हाई?"

आंबट पदार्थात तांबं उतरतं, ते बाधतं, असं मी सांगितलं.

"मंग विषाणू मेला का न्हाई?"

"मेला असेल मामा. पण पिणाराही आडवा झाला असता."

 

परवा संध्याकाळी गेलो, तर मामा घागर भरत होते. भरून झाली आणि स्वतः मात्र माठातलं पाणी प्यायले. मी चक्रावलोच.

"तुम्ही घागरीतलं पीत नाही?"

"न्हाई बा. तोंडाला तांबं लागते. ते लेकरासाठी हाय."

मी म्हटलं, "लेकरासाठी असेल तर उकळून ठेवा. तांब्यावर विसंबू नका."

"उकळूनच भरून राहिलो, गुर्जी. हात लावून पाहा."

घागर गरम होती. चिंचेनं घासून लखलखीत केलेली.

"मग तांबं कशाला?"

"उकळलेलं जावयाला दिसत न्हाई. तांबं दारातून दिसते." त्यांनी घागर उंबऱ्यासमोर सरकवली. "सकाळच्या गाडीनं आले तं?"

 

सकाळी नांदेडची गाडी येऊन जाते. मग मामा घागर परसातल्या गोडलिंबाला ओततात आणि संध्याकाळी पुन्हा चूल पेटवतात.