त्र्यंबकराव साळिंदरांची समुद्रसफर

एका जंगलात, बाळांनो, एक साळिंदर राहत होतं. त्याचं नाव त्र्यंबकराव. बायकोचं नाव अनसूयाबाई. मुलं मोठी होऊन पलीकडच्या जंगलात स्थायिक झाली होती. सणावारी त्यांचा निरोप यायचा. बिळात आता दोघंच.

तुम्ही विचाराल, साळिंदराच्या घरातलं इतकं सगळं तुम्हाला कसं ठाऊक? असले प्रश्न विचारायचे नाहीत. गोष्टीत साळिंदर म्हटलं की साळिंदरच समजायचं. सांगणाऱ्याच्या पोटाकडे आणि चष्म्याकडे बघत बसायचं नाही.

तर त्र्यंबकरावांना एक गोड सवय होती. गोड असं तेच म्हणत. कुठेही जायचं तर अभ्यास करून जायचं. वाळक्या पानांवर टिपणं काढायची, आणि हरवू नयेत म्हणून आपल्याच पाठीवरच्या काट्यांना टोचून ठेवायची. प्रवास जवळ आला की ते चालत्या झुडपासारखे दिसत.

एकदा त्यांनी अनसूयाबाईंना धबधबा दाखवायला नेलं. स्वतः धबधब्याकडे पाठ करून उभे राहिले, काटे फुलवले आणि सांगायला लागले. पाणी कुठून येतं, खडक कुठला, पूर्वी धबधबा कुठे होता. सांगून संपलं तेव्हा अंधार पडला होता. अनसूयाबाईंच्या अंगावर थोडे तुषार उडाले. बाकी त्यांना दिसले ते त्र्यंबकरावच.

एक दिवस चहा गाळता गाळता अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, मला समुद्र बघायचाय."

"कुठला?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"कुठलाही. नुसतं बसून बघायचाय. गुडघे हल्ली फार कुरकुरतात. चालता येतंय तोवर एकदा."

इतक्या वर्षांच्या संसारात अनसूयाबाईंनी काही मागितलं नव्हतं. त्र्यंबकरावांना अगदी भरून आलं. बायकोवर त्यांचा खरंच जीव होता. म्हणून तर त्यांनी चहा तसाच ठेवला आणि अभ्यासाला सुरुवात केली.

नदीकाठी एका बगळ्याचं सफरींचं दुकान होतं. बगळा एका पायावर उभा राहून गिऱ्हाइकाची वाट बघायचा. दोघं आलेली बघताच त्याने दुसरा पायही खाली टेकवला.

"नारळबेटांची सफर घ्या, साहेब," बगळा म्हणाला. "मोठी आलिशान बोट. बोटीतच पोहायचं तळं."

"समुद्रात बोट, आणि बोटीत तळं?"

"लक्झरी आहे, साहेब. शिवाय सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. मधे भूक लागली तर मधलं खाणं. भूक नाही लागली तरी मधलं खाणं."

"आणि चहा?" अनसूयाबाईंनी हळूच विचारलं.

"आपण खुर्चीत बसायचं, बाई. समोर समुद्र. चहा हातात येतो."

"कपबशी?"

"ती ते घेऊन जातात. विसळतातसुद्धा तेच."

अनसूयाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "अहो, हीच घ्या," त्या म्हणाल्या.

बाल्कनीची केबिन ठरली. बोट वैशाखातल्या पौर्णिमेला संध्याकाळी नदीच्या मुखापासून सुटणार होती. ती त्या मोसमातली शेवटची बोट. पुढे समुद्र खवळतो.

त्र्यंबकराव कामाला लागले. त्यांनी सगळ्यांचा सल्ला घेतला. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता त्यांच्याकडे सल्ला जास्त होता. ओढ्यापलीकडे कधी न गेलेल्या तरसाने सांगितलं, बोट लागू नये म्हणून सुंठ गालात धरा. माकड म्हणालं, तिकडच्या केळ्यांवर विश्वास ठेवू नका, आपली न्या. शेकरू या झाडावरून त्या झाडावर बातम्या फॉरवर्ड करायचं. त्याने कळवलं की बोटीतलं सगळं जेवण अगोड असतं. की गोड असतं. त्याला नक्की आठवत नव्हतं.

मग भाजणी आली. मेतकूट आलं. लिंबाचं लोणचं आलं. बोटीवर चोवीस तास खायला मिळणार होतं, म्हणून दशम्या थोड्याच घ्यायच्या असं ठरलं.

आणि वेळापत्रक तयार झालं. ते मोठ्या सागाच्या पानावर होतं आणि त्र्यंबकरावांच्या मधल्या काट्याला अडकवलेलं होतं. अनसूयाबाई मागून वाचायला लागल्या. पहाटे उठणे. सूर्योदय पाहणे. सूर्योदयावर चर्चा. नाश्ता. पहिलं बेट, पूर्वतयारीसह. पोवळ्यांची माहिती. पोवळी. दुसरं बेट.

"अहो, यात बसायचं कधी?" अनसूयाबाईंनी विचारलं.

त्र्यंबकरावांना पाठीवरचं वाचता येईना. ते गोल गोल फिरले. मग आठवून म्हणाले, "आहे ना! शेवटच्या दिवशी, जेवण आणि सामान बांधणं यांच्या मधे. पण नुसतं नाही हं बसायचं. तेव्हा मी भरती-ओहोटी समजावून सांगणार आहे."

अनसूयाबाईंनी वाटीत थोडं ताक घेतलं, वर पान झाकलं आणि म्हणाल्या, "जरा दाजीसाहेबांकडे विरजण देऊन येते."

दाजीसाहेब म्हणजे शेजारचे रानडुक्कर. हे लक्षात ठेवा, बाळांनो. त्र्यंबकरावांनी ठेवलं नाही.

ते आता सराव करत होते. तळ्यातल्या तरंगत्या ओंडक्यावर उभे राहून डोलत होते. बघायला प्राणी जमले. प्राणी जमले की त्र्यंबकराव बोलत. त्यांनी नारळबेटांचे वारे सांगितले, पाण्याचे रंग सांगितले, संध्याकाळी वाळू पायाला कशी गार लागते तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी जास्त प्राणी आले. बोलण्याच्या भरात एकदा ते म्हणून गेले, "मी तिथे होतो तेव्हा..." आणि दचकून थांबले. कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. तेव्हा ते पुढे बोलत राहिले.

आता तुम्हाला सांगायला हवं की त्या जंगलात दर वैशाखात व्याख्यानमाला भरायची. मोठ्या वडाच्या पारावर. त्या पारावर बोलायला मिळावं म्हणून त्र्यंबकरावांनी फार वर्षं मान उंच करून वाट पाहिली होती. दरवर्षी मोराला बोलावत. मोर बोलत काहीच नसे, पण दिसायला बरा.

तर एका सकाळी व्याख्यानमालेचे कार्यवाह त्र्यंबकरावांच्या दारी आले. कार्यवाह म्हणजे दाजीसाहेबच.

"त्र्यंबकराव, यंदा समारोपाचं पुष्प तुम्हीच गुंफायचं," दाजीसाहेब म्हणाले. "विषय, 'नारळबेटांच्या सान्निध्यात'."

त्र्यंबकरावांचे सगळे काटे एकदम उभे राहिले. पानं सळसळली. "कधी आहे?"

"पौर्णिमेला. संध्याकाळी."

"पौर्णिमेला तर आमची बोट!"

"अरेरे," दाजीसाहेब म्हणाले आणि जमिनीकडे बघायला लागले. "तारीख काही हलायची नाही हो. मग मोरालाच विचारतो. शाल आणि श्रीफळ आणून ठेवलंय."

"थांबा," त्र्यंबकराव म्हणाले.

अनसूयाबाई आत पापड लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्र्यंबकराव दिवसभर येरझाऱ्या घालत होते. एकीकडे बायकोला दिलेला शब्द. एकीकडे वडाचा पार. त्यांचं मन बायकोच्या बाजूला झुकायचं, तेवढ्यात त्यांना डोक्यावर तुरा मिरवत पारावर चढणारा मोर दिसायचा. शेवटी ते स्वयंपाकघरात आले.

"अगं, मी म्हणतो, समुद्र काही कुठे जात नाही."

"नाही जात," अनसूयाबाई म्हणाल्या.

"पण तुझे गुडघे आहेत. तू थांबायला नकोस. तू जाऊन ये. मी सांगितलंय तसंच सगळं आहे ना, एवढं फक्त बघून ये. माझी काळजी करू नकोस."

"बरं," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या इतक्या पटकन बरं म्हणाल्या की त्र्यंबकरावांना बायकोच्या त्यागाने गहिवरून आलं.

पौर्णिमेच्या पहाटे अनसूयाबाई एक लहानसं बोचकं घेऊन निघाल्या. भाजणी, मेतकूट, लोणचं सगळं मागेच राहिलं. वेळापत्रक तेवढं त्र्यंबकरावांनी आग्रहाने बरोबर दिलं.

व्याख्यान फार रंगलं. लाटांचं वर्णन ऐकून पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कासवाला मळमळायला लागलं. शेवटी एक ससा उभा राहिला आणि म्हणाला, "वक्ते स्वतः तिथे कधी गेले होते?"

"वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत," दाजीसाहेबांनी जाहीर केलं.

मग शाल पांघरली. ती काट्यांत अशी अडकली की काढता येईना. त्र्यंबकराव तशीच शाल घेऊन घरी आले. दारातूनच म्हणाले, "अगं, ऐकलंस का, आज काय झालं..."

बिळात कुणी नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच चहा केला. तो कडू झाला. व्याख्यान कसं झालं हे त्यांनी चुलीला सांगून बघितलं. आपलं बोलणं आजवर कुणीतरी ऐकत होतं म्हणून आपण बोलत होतो, हे त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. फार वाईट वाटलं त्यांना. खरंच सांगतो, फार वाईट वाटतं.

सफर संपली आणि अनसूयाबाई परत आल्या. रंग रापला होता. पायाच्या बोटांत वाळू होती. चालताना त्या गुणगुणत होत्या.

"सूर्योदय पाहिलास?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"झोपले होते."

"पोवळी?"

"राहिली."

"बेटं तरी?"

"लांबून दिसली. हिरवी होती."

"अगं, मग पाहिलंस काय?"

"समुद्र पाहिला," अनसूयाबाई म्हणाल्या. "खुर्चीत बसून. चहा हातात यायचा. मी प्यायचे. परत समुद्र."

"आणि वेळापत्रक?"

"त्याची होडी केली. छान तरंगली. बराच वेळ दिसत होती."

"माझी आठवण आली का?"

"आली ना. एका संध्याकाळी सगळी बोट गप्प होती. म्हटलं, हे असते तर इतकं शांत नसतं." हे बोलताना त्या हसल्या. बोचक्यातून एक शिंपला काढून त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवला. त्र्यंबकराव त्याचं शास्त्रीय नाव सांगणार होते. पण त्यांनी तो नुसताच कानाला लावला. त्या दिवसापुरतं त्यांना ते जमलं.

इतक्यात दारात दाजीसाहेब आले.

"काय वहिनी, झाली का सफर?" ते म्हणाले. "बरं, पुढच्या वर्षीही तसंच का? म्हणजे तुम्ही मला तारीख सांगायची, आणि मी यांचं पुष्प त्याच दिवशी ठेवायचं? यंदा विरजण द्यायला आलात तेव्हा ठरवलं होतं, तसं?"

दाजीसाहेबांना कळलं की आपण काहीतरी बोललो. ते पुन्हा जमिनीकडे बघायला लागले.

त्र्यंबकरावांचे काटे एकेक करून खाली बसले. ते बायकोकडे बघत राहिले. अनसूयाबाईंनी नजर चुकवली नाही. "धबधब्याला मी पाणी बघायला आले होते," एवढंच त्या म्हणाल्या.

त्र्यंबकरावांना राग यायला हवा होता. तो येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. मग हलक्या आवाजात विचारलं, "दाजीसाहेब, पुन्हा समारोपाचंच ना?"

"समारोपाचंच."

"विषय काय?"

दाजीसाहेब घुटमळले. अनसूयाबाई बोचकं उचलून आत निघाल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "हिमालय ठेवा."

तात्पर्य: प्रवासाची तयारी इतकी मन लावून करावी, की आपण गेलो नाही तरी काही बिघडू नये. बरोबरच्यांचं तर भलंच होतं. आता तुम्ही विचाराल, इतकी लांबलचक गोष्ट सांगायला मी आज या पारावर शाल पांघरून बसलोय, तर आमच्या घरची मंडळी आहेत कुठे? तिकडे थंडी फार असते म्हणे. पण चहा हातात येतो.