ठावघराच्या दोन कपाटांची हकीकत

कुलस्वामिनी सुमती देवो. ज्या साली आमचे थोरले बंधूंनी साठी उलटल्यावर दुसरा विवाह केला, त्या सालची ही हकीकत. राज्यात रयत उदंड आणि प्रत्येकाच्या हाती फोन, आणि कोण कोठे आहे हे कळल्याविना कोणाचा फोन कोणास लागणे नाही, म्हणून राज्याने ठावघर बांधिले. दारी चोपदारासारखी यंत्रे उभी केली. त्यांस स्वतःचे स्मरण नाही, विचारणा आली की आत पुसावे इतकेच. आत दोन कपाटे, थोरले आणि धाकटे. माणसाने गाव वा पेठ बदलली की थोरले नोंद करी आणि तीच नोंद तारेने धाकट्यास देई, आणि थोरले गप्प झाल्यास धाकट्याने गादी सांभाळावी, ऐसा बंदोबस्त.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारास विश्रांती द्यावी ही चाल, म्हणून सुभेदार हैबतराव यांनी अष्टमीच्या सांजेसच थोरले कपाट बंद करविले. कपाटांचे राखणदार कोंडाजी भोईटे तेव्हा गावी आजारी मातोश्रींच्या उशाशी होते. नवमीस सकाळी ते चाकरीवर रुजू झाले आणि अर्ज केला, "साहेब, आईचं काही खरं नाही. भावाचा फोन आला की निघेन."

सुभेदार बोलिले, "निघा की! तुम्हांला फोन लागणार नाही तर कोणाला लागणार? घरचं कपाट!"

मग पूजा झाली आणि धाकट्यास झेंडूचे हार इतके घातले की वारा घ्यायची जाळी बुजली, आणि दुपारी ते तापून पडले.

"एवढे हार घातले कोणी?"

"आपणच, साहेब."

मग कोंडाजींनी थोरले जागे केले. त्यास स्मरण अष्टमीपर्यंतचे. पुढले सारे धाकट्यापाशी, आणि ते तर पडलेले. मग जो मनुष्य हिंडता राहिला तो नव्याने नोंदला गेला, आणि अष्टमीनंतर गाव बदलून जो मग जागचा हलला नाही तो हरवला. कोंडाजी कपाट सोडून हलले नाहीत. आपणही रयतेतच, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

सांजेस पेठ ओलांडताच फोन वाजला. धाकटे बंधू सिदोजी बोलिले, "दादा, होतास कुठं? दुपारपासून लावतोय! ती बाई म्हणते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आणि आई एकसारखी विचारत होती, कोंडा निघाला का?"

सारांश, नोंदी यथावकाश जुळल्या, राज्य चालते राहिले आणि सुभेदारांस शाल मिळाली. कपाटाच्या लेखी त्या दुपारी कोंडाजी आईच्या गावीच होते. मातोश्री तानुबाई भोईटे आश्विन शुद्ध नवमीस, तिसऱ्या प्रहरी वारल्या.