घळईच्या मोहिमेत साहेबांची मान

सकळ वाचणारांस विदित व्हावे जे, नदीवर अघटित वर्तमान घडले, ते जैसे जाहले तैसे लिहिले असे. पदरची एक ओळ घातली नाही, आणि घरच्या मंडळींनी पुष्कळ भीड घातली तरी एक ओळ गाळिलीही नाही.

साहेब म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. कचेरी सुटली, परंतु हुकूमत सुटली नाही. त्यांच्या दौलतीत शिरस्ता ऐसा की, कोणी काही करावयाचे म्हणजे प्रथम साहेबांचे मुखाकडे पाहावे, साहेबांनी मान हलवावी, मग करावे. पंखा लावणे जाहले, खिडकी उघडणे जाहले, जावयाने दुसऱ्यांदा चहा मागणे जाहले, त्या मानेवाचून पान हलत नसे. आणि बाईसाहेब, म्हणजे साहेबांचे कुटुंब, यांनी बावीस वर्षांमागे कॅलेंडरातले एक चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटविले होते; दोन उभे कडे, मध्ये फेसाळ नदी आणि नदीत तांबडी होडी. साठी भरली तेव्हा काय हवे ऐसे पुसता त्यांनी कपाट उघडून दाखविले. साहेबांनी मान हलविली आणि मोहीम सिद्ध जाहली.

मग साहेब, बाईसाहेब, लेक आणि जावई ऐसी चौघांची फौज रबरी होडीवर स्वार जाहली. अंगी नारिंगी चिलखते, मस्तकी शिरस्त्राणे, हाती वल्ही. साहेबांचे पोट थोर, चिलखताचा बंद काही केल्या लागेना. जावयाने गुडघा टेकवून ओढिला तेव्हा तो गड सर जाहला. होडीची सरदारीण एक तरणी बाई, जीस हल्लीचे लोक गाईड म्हणतात. ती पिछाडीस बसली आणि तिने फर्मान काढिले की, मी 'पुढे' म्हणेन तेव्हा पुढे वल्हवावे, 'मागे' म्हणेन तेव्हा मागे, आणि होडी दगडास अडकून मी 'दगडाकडे' म्हणेन तेव्हा सर्वांनी त्याच दगडाकडे झेप घ्यावी, भिऊन उलट पळू नये, पळाल्यास होडी पालथी होते. मजल तीन दिवसांची, आणि घळई तिसरे दिवशी.

पहिल्याच खळाळात अनर्थ ओढवला. सरदारीण ओरडली, "पुढे!" तों तिन्ही मुखे साहेबांकडे वळली. साहेबांनी विचार केला, मग मान हलविली, आणि मग वल्ही पडली. तितक्यात नदीने आपला विचार उरकला होता. होडी गरगरा फिरून उलट्या तोंडाने खाली उतरली, आणि साहेबांनी हे मुद्दामच केल्यासारखा चेहरा केला. दुसरे दिवशी सात खळाळ लागले, ते सातही फौजेने उलट्या तोंडाने सर केले.

त्या सांजेस वाळूवरच्या मुक्कामी सरदारिणीने साहेबांस बाजूस घेतले. "काका, उद्या घळईत असं चालायचं नाही. सगळे तुमच्या मानेची वाट बघणार असतील तर मी कोणालाच नेणार नाही. कड्यावरनं पायवाट आहे, तिकडनं चालत या."

साहेबांनी पाहिले, तों बाईसाहेब झुडपावर ओले मोजे वाळत घालीत तोंडातल्या तोंडात घोकीत होत्या, पुढे, मागे, दगडाकडे. साहेबांस बहुत लाज वाटली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी एवढी वाटली नव्हती.

मग तिसरे दिवशी प्रातःकाळी साहेबांनी हुकूम फर्माविला की, आज माझ्याकडे कोणी पाहू नये. हा हुकूम पाळावा की काय, हे कळण्यास सर्वांनी साहेबांकडे पाहिले.

आणि घळई आली. कडे चित्रातल्याहून उंच, आणि आवाज तर चित्रात नव्हताच. साहेबांनी हनुवटी छातीशी रुतवून धरिली, वल्ही एकदम पडली, आणि दोन खळाळ सरळ तोंडाने उतरले. तिसऱ्यात होडी आडवी होऊन हत्तीएवढ्या दगडास धडकली, वरच्या अंगाने पाणी आत चढू लागले, आणि सरदारीण नदीत गेली. कडेचा दोर तिने सोडिला नाही, परंतु नाकातोंडात पाणी शिरून शब्द फुटेना. लेक-जावयाने जुन्या शिरस्त्याने साहेबांकडे पाहिले. साहेबांस काही सुचेना. नदीस कचेरीचे खलिते लागू पडत नाहीत. तेव्हा साहेबांनी बाईसाहेबांकडे पाहिले आणि जन्मात प्रथमच पुसले, "काय करायचं गं?"

"दगडाकडे!" बाईसाहेब ऐशा गर्जल्या की कडे दुमदुमले. "अहो, बघताय काय नुसते? दगडाकडे!"

साहेबांनी झेप घेतली. ज्या पोटाची दोन दिवस थट्टा जाहली, तेच दगडाकडच्या कडेवर तोफेसारखे आदळले, मागोमाग लेक, जावई आणि बाईसाहेब. बुडती बाजू वर आली, पाणी खालून निघाले, होडी घसरून मोकळी जाहली, आणि जावयाने सरदारिणीस चिलखतास धरून आत ओढिले. घळई संपेतों बाईसाहेब रडत होत्या आणि हसत होत्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. माणूस कोणी दगावले नाही. साहेबांचा डावा बूट तेवढा कामी आला. सांजेस सरदारिणीने चुलीपाशी पुसले, "काका, चहा घेणार ना?" साहेबांनी बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेबांनी विचार केला, अंमळ वेळ घेतला, आणि मग मान हलविली.